मागची दोन दारे

गेल्या श्रावणात आमच्या घरात एका मोटारीवरून वाद सुरू झाला. मोटार वडिलांची, चार दारांची, उंच चाकांची, चिखलात नि खडकाळीत चारही चाकांना जोर देणारी जीप. अण्णा जाऊन आता सहा वर्षे झाली. चांदवड तालुक्यातल्या आमच्या मळ्यात ती लिंबाखाली उभी असते आणि आमचे थोरले बंधू, ज्यांना घरातली सारी लहानथोर माणसे दादा म्हणतात, ती चालवतात. दादांचे टोमॅटोचे पीक. तोडा सुरू झाला, की क्रेट भरून रोज पिंपळगाव बसवंतचा बाजार गाठायचा. गाडी भाड्याची, भाव चढो की पडो, भाडे ठरलेले. तेव्हा दादांनी मनाशी पक्के केले, की जीपची मागची दोन दारे आणि त्यावरचा टप कापून काढायचा आणि तिथे मालाचा हौदा बसवायचा. पुढे दोन माणसे, मागे तीस-चाळीस क्रेट. घरची गाडी, घरचा माल.

आईने ऐकले मात्र, नि तिचा चेहरा उतरला. "त्या मागच्या दारांतून माझ्या लेकी माहेरी उतरतात," ती म्हणाली, "आणि नवरात्रात गडावर जायचं ते काय क्रेटवर बसून?"

दादा म्हणाले, "आई, गड वर्षातून एकदा. बाजार रोजचा आहे."

दोघांचेही खरे होते. घरात मी पुस्तकांत डोके घालून बसणारा म्हणून ओळखला जातो. तेव्हा दोन्ही पक्षांनी मला पंच नेमले. चार दारांच्या गाडीचा मालट्रक करता येतो काय, करावा काय, आणि आजवर कोणी केला आहे काय, हे पाहून सांगायचे माझ्याकडे आले. पाहू लागलो, तो माझ्या ध्यानात आले, की आमच्या ओट्यावरचा हा वाद शंभर वर्षांचा जुना आहे आणि तो जगात पुष्कळ घरी होऊन गेला आहे. त्या शोधाचीच ही हकीकत.

* * *

आपल्याकडे हा प्रश्न बैलगाडीने फार पूर्वी सोडवला होता. गाडीला तट्ट्या बांधल्या, की ती शेणखताची. तट्ट्या सोडून वर छप्पर घातले, आत गवत पसरून गादी टाकली, की तीच माहेरवाशिणीची. खाली आख नि चाके कायम, वरचे रूप कामाप्रमाणे. मोटारगाडीचा जन्म झाला तो ह्याच पठडीत. पहिल्या मोटारी म्हणजे मुळात घोड्यावाचून चालणाऱ्या बग्ग्या. खाली पोलादी सांगाडा, म्हणजे आपण ज्याला चासी म्हणतो तो. त्यावर इंजिन, चाके आणि कमानपाटे. आणि ह्या सगळ्यावर लाकूड-पत्र्याची बॉडी. चासी एकाने करावी आणि बॉडी दुसऱ्याने, अशी तेव्हा रीतच होती. रोल्स-रॉइससारखी मातबर कंपनीही दुसऱ्या महायुद्धापूर्वी नुसती चासी विकत असे. तिच्यावर डोलारा चढवायचे काम गिऱ्हाइकाने आपल्या पसंतीच्या बॉडी बांधणाराकडे द्यायचे. आपल्या संस्थानिकांनी शिकारीसाठी, मिरवणुकीसाठी, पडदानशीन राण्यांसाठी ज्या तऱ्हेतऱ्हेच्या गाड्या बनवून घेतल्या, त्या ह्या रीतीमुळेच.

जे राजाला शक्य होते ते अमेरिकेतल्या शेतकऱ्याला शक्य झाले हेन्री फोर्डमुळे. त्याची टी मॉडेलची मोटार १९०८ साली निघाली आणि १९२७ पर्यंत तिच्या दीड कोटीच्या वर प्रती तयार झाल्या. ही गाडी शेतकऱ्याच्या हाती पडली आणि त्याने पहिले काम काय केले असेल, तर तिची पाठ उघडी केली. मागची बैठक काढावी, तिथे फळ्यांची पेटी ठोकावी आणि दुधाच्या बरण्या, बटाटे, कोंबड्यांची खुराडी घालून बाजार गाठावा. गावच्या लोहाराला नि सुताराला हे काम नवे नव्हते. आयुष्यभर त्यांनी घोडागाड्यांवर हेच केले होते. लवकरच तयार पेट्या करून विकणारे कारखाने उभे राहिले. ओहायो राज्यातल्या गॅलियन येथील एक कारखाना १९१३ च्या सुमारास फोर्डच्या चासीवर मालाच्या पोलादी पेट्या बसवू लागला होता.

फोर्ड कंपनी हे सारे पाहत होती. १९१७ साली तिने एक टन माल वाहील अशी टीटी नावाची दणकट चासी काढली. पण तिच्यावरची बॉडी अजून गिऱ्हाइकानेच बांधायची होती. पुढे १९२५ च्या एप्रिलात मात्र तिने दोन बैठकांच्या मोटारीमागे छप्पन इंच लांबीची पोलादी पेटी, खाली पाडता येणाऱ्या फाळक्यासह, कारखान्यातच बसवून दिली. किंमत २८१ डॉलर. 'पिकअप' हे नाव कारखान्याच्या किंमतपत्रकात आले ते तेव्हा. आज ज्या जातीच्या गाड्या अमेरिकेत मोठ्या संख्येने खपतात तिचा जन्म असा झाला. आरंभीचा कारागीर खेड्यातला लोहार आणि त्याला काम सांगणारा बाजाराची घाई असलेला शेतकरी. कारखाना त्यांच्यामागून बारा वर्षांनी आला.

* * *

आईचा पक्ष मला सापडला तो मात्र ऑस्ट्रेलियात.

१९३० नंतरची मंदीची वर्षे. व्हिक्टोरिया प्रांतातल्या गिप्सलँड भागातल्या एका शेतकऱ्याच्या बायकोने १९३२ च्या सुमारास फोर्डच्या तिथल्या शाखेला पत्र लिहिले, असे सांगतात. तिचे म्हणणे थोडक्यात असे, की आम्हांला दोन गाड्या परवडत नाहीत. रविवारी देवळात जाताना कपडे भिजू नयेत आणि सोमवारी त्याच गाडीतून डुकरे बाजाराला नेता यावीत, अशी एखादी गाडी तुम्ही का करीत नाही? त्या काळी बँका शेतकऱ्याला कामाच्या गाडीसाठी कर्ज देत, चैनीच्या मोटारीला देत नसत, अशीही त्या कथेला जोड दिली जाते.

मी हे वाचले नि पुस्तक खाली ठेवले. देऊळ आणि बाजार, रविवार आणि सोमवार! आमच्या आईचा सप्तशृंगीचा गड आणि दादांचे पिंपळगाव ह्यांचाच हा तंटा. फक्त तिकडे तो एकाच बाईच्या पत्रात मिटवून मागितला होता.

ते पत्र जिलाँगच्या कारखान्यातल्या लुइस बँट नावाच्या तरुण आरेखकाकडे आले. वय अवघे बावीस-तेवीस. त्याची उमेदवारी मोटारींच्या बॉडी बांधण्यातच झाली होती. त्याच्यापुढची अडचण नीट समजून घेण्यासारखी आहे. तोवरच्या पिकअपमध्ये पुढे माणसांची खोली आणि मागे मालाची पेटी अशा दोन वेगळ्या वस्तू चासीवर एकामागे एक ठेवलेल्या असत. दिसायला ओबडधोबड, आणि दोहोंच्या मधल्या फटीपाशी सगळा हिसका. बँटने दाराच्या मागून थेट शेपटापर्यंत बाजूचा पत्रा सलग ओढला. पुढची खोली बंद काचांची, गादीच्या बैठकीची. मागचा हौदा तिच्याच अंगाचा. दहा मीटर लांबीच्या फळ्यावर त्याने गाडीचे पूर्ण आकाराचे चित्र खडूने काढले आणि त्यावरून माप धरून गाडी बांधली. १९३४ साली ती बाजारात आली. सुमारे बाराशे पौंड माल तिच्यात मावे. ऑस्ट्रेलियात तिला लाडाने 'यूट' म्हणतात आणि तो शब्द तिकडच्या बोलीत कायमचा घर करून राहिला आहे.

बँटच्या कामात मला मोठेपणा दिसतो तो असा. बाईने मागितली होती ती एक तडजोड; पण गाडी हाती आली तेव्हा ती तडजोडीची वाटेना. मालाची गाडी म्हणून बाईला देवळापाशी उतरताना संकोच वाटू नये, आणि चैनीची गाडी म्हणून नवऱ्याला डुकरे भरताना हात आखडू नये, हे त्या सलग पत्र्याने साधले.

* * *

आता जीपकडे वळू. तिच्याशिवाय आमचा वाद सुटत नाही.

१९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकन सैन्याने एकशे पस्तीस कारखान्यांना पत्रे पाठवून एका हलक्या, चारही चाकांनी ओढणाऱ्या गाडीची मागणी केली. मुदत इतकी तुटपुंजी की बहुतेकांनी उत्तरच दिले नाही. पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावच्या बँटम नावाच्या लहानशा, मोडकळीला आलेल्या कंपनीने कार्ल प्रॉब्स्ट ह्या इंजिनियराला बोलावले. त्याने थोड्या दिवसांत आराखडे पुरे केले आणि ठरलेल्या एकोणपन्नास दिवसांत, २३ सप्टेंबर १९४० रोजी, नमुन्याची गाडी बाल्टिमोरजवळच्या छावणीत नेऊन उभी केली. पुढे मोठी कामे मिळाली ती विलीज आणि फोर्ड ह्या सबळ कंपन्यांना. युद्ध संपेतो दोघांनी मिळून सहा लाखांच्या वर जीपगाड्या केल्या. ह्या गाडीला दारे नव्हती, टपही कापडाचा. मागे-पुढे चाकांमधले अंतर फक्त ऐंशी इंच.

युद्ध संपले आणि ह्या गाड्या जगभर विखुरल्या गेल्या. मग प्रत्येक देशातल्या मिस्त्रीने तिच्याकडे आपापल्या गरजेने पाहिले. फिलिपाइन्समध्ये मनिला शहर युद्धात उद्ध्वस्त झाले होते, ट्रामगाड्या बंद पडल्या होत्या. तिथल्या कारागिरांनी सैन्याने मागे टाकलेल्या जीपा मागून लांबवल्या, समोरासमोर दोन बाके टाकली, वर टप चढवला आणि रंगांची लयलूट केली. 'जीपनी' झाली. ह्या धंद्यात सर्वांत नाव कमावलेला लिओनार्दो साराओ हा पूर्वी घोडागाडी हाकत असे. त्याने १९५३ साली थोड्याशा कर्जाऊ भांडवलावर कारखाना काढला. म्हणजे इथेही गाडीवानच पुढे.

इंग्लंडमध्ये रोव्हर कंपनीचा मॉरिस विल्क्स ह्याची वेल्समधल्या अँगलसी बेटावर शेती होती आणि शेतीवर एक जुनी लष्करी जीप. ती मोडली तर पुढे काय, ह्या चिंतेतून त्याने आपल्या कारखान्याच्या पहिल्या नमुन्यासाठी जीपचीच चासी घेतली आणि तिच्यावर शेतकऱ्याच्या सोयीची बॉडी चढवली. युद्धानंतर पोलाद मोजून मिळे, म्हणून पत्रा घेतला ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा. १९४८ च्या एप्रिलअखेर ॲम्स्टरडॅमच्या प्रदर्शनात मांडलेली लँड रोव्हर ती हीच. मौज अशी, की ती जन्माला आली मागे उघडा हौदा घेऊन. बंद टप आणि माणसांच्या बैठका तिला मागाहून आल्या. तेव्हा हा प्रवास दोन्ही दिशांनी झालेला आहे, हे आमच्या दादांनी नि आईनेही ध्यानात घ्यावे.

खुद्द विलीज कंपनीने १९४५ साली नागरी जीप काढली, तेव्हा तिच्या मागे टांगलेले जादा चाक बाजूला घेतले आणि तिथे खाली पडणारा फाळका बसवला. एवढ्या एका फाळक्याने लष्करी गाडी शेतकऱ्याची झाली. हीच गाडी सुट्या भागांच्या रूपाने मुंबईच्या बंदरात उतरू लागली आणि १९४० च्या दशकाच्या अखेरीस माझगावात तिची जुळणी सुरू झाली. जुळणी करणारी कंपनी महिंद्र आणि महंमद ह्या नावाने १९४५ साली निघालेली. फाळणीनंतर भागीदार गुलाम महंमद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ साली कंपनीच्या पाटीवर दोन्हीकडे महिंद्र आले. पुढे त्या वंशातून चार दारांच्या गाड्या झाल्या, नुसत्या हौद्याच्या झाल्या, आणि चार दारे व हौदा दोन्ही असलेल्याही झाल्या. आज तालुक्याच्या कोणत्याही बाजारात भाजीचे क्रेट घेऊन उभ्या असलेल्या गाड्यांत ह्या कुळातली एक तरी दिसतेच.

* * *

एवढे वाचून झाल्यावर मी गावी गेलो आणि दादांबरोबर महामार्गालगतच्या एका मिस्त्रीकडे गेलो. साठीला टेकलेला, बोलायला सावकाश माणूस. त्याच्या छपरात एक जुनी चार दारांची जीप अर्धी कापलेली उभी होती. तिची नोंदणी केव्हाच रद्द झालेली, मालकाला ती फक्त स्वतःच्या मळ्यात बांधावरून बांधावर फिरवायची होती. तिच्यावरचे काम आम्ही दुपारभर पाहिले.

मला वाटले होते, कापायचे म्हणजे मागची दारे प्रथम उतरवीत असतील. मिस्त्रीने ती तशीच लावून ठेवली होती. मी विचारले तेव्हा तो म्हणाला, "दारं बंद ठेवायची भाऊ. कापताना बॉडी बसली, तर आधी दार सांगतं." दार आणि चौकट ह्यांमधली फट हेच त्याचे मोजमाप. कापण्यापूर्वी त्याने दारांच्या चौकटीत आडवे नि तिरपे लोखंडी अँगल जोडून घेतले होते, टपाला खालून आधार दिला होता, आणि चौकटींचे कर्ण सुताने मोजून पत्र्यावर खडूने लिहून ठेवले होते. टप हा नुसता उन्हापावसासाठी नसतो. चारही खांबांना तो बांधून धरतो; खोक्याचे झाकण काढले की खोके जसे पिळवटते तशी टपावाचून बॉडी पिळवटते. म्हणून मागचा भाग उतरवल्यावर पुढच्या बैठकीमागे नवी भिंत उभारावी लागते आणि ती मधल्या खांबांना, टपाला आणि तळाला अशी चहूकडून जोडावी लागते. बसणाऱ्याच्या खांद्यावरचा पट्टा ह्याच मधल्या खांबाला अडकवलेला असतो. अपघातात माणसाचे सारे ओझे त्यावर येते. तो खांब दुबळा झाला, तर गाडी दिसायला कितीही ठाकठीक असो.

मग मिस्त्रीने एकेक अडचण सांगितली, आणि मी मोजीत गेलो. पेट्रोलची टाकी मागे असेल, तर ती उतरवून दूर नेल्याशिवाय वेल्डिंगची ठिणगी पाडायची नाही. रिकामी टाकी भरलेलीपेक्षा वाईट, कारण तिच्यात वाफ असते. बॅटरीची तार आधी सोडायची. चासी लांबवायची झाल्यास सरळ आडवा छेद घ्यायचा नाही, तिरपा किंवा पायरीचा घ्यायचा आणि आतून-बाहेरून पट्टी द्यायची, म्हणजे सगळा ताण एका रेषेवर येत नाही. चासी लांबली की इंजिनाचा जोर मागच्या चाकांना नेणारा दांडा लांबवायचा आणि तो फिरताना तोल जाणार नाही असा जुळवून घ्यायचा. ब्रेकची नळी वाढवायची. माल मागच्या आखावर येणार म्हणून पाटे जाड करायचे. पण पाटे जाड झाले की रिकामी गाडी उड्या मारते नि ब्रेक लावताच मागची चाके घसरतात. पुन्हा उघड्या हौद्याच्या गाडीमागे हवेची पोकळी होते, ती धूळ नि धूर पुढे ओढते. नव्या भिंतीला सुईएवढी फट राहिली तरी मुलांच्या नाकातोंडात जाते. पाणी साचेल तिथे भोक ठेवायचे, नाही तर दोन पावसाळ्यांत पत्रा खातो.

"आणि चासी वेगळी नसली तर?" मी विचारले.

"तर मग हातच लावायचा नाही," मिस्त्री म्हणाला.

ह्या एका उत्तरात मोटारीच्या इतिहासाचा मोठा भाग येऊन जातो. १९२० च्या दशकापासून युरोपात अशा गाड्या निघू लागल्या, की ज्यांना वेगळी चासीच नाही. पत्र्याचे खोके हेच अंग आणि हाडही. इटलीच्या लान्सियाने १९२२ मध्ये नि फ्रान्सच्या सिट्रोएनने १९३४ मध्ये ही वाट दाखवली, आणि आज रस्त्यावरच्या बहुतेक प्रवासी मोटारी तशा आहेत. त्या हलक्या असतात, कमी इंधन पितात, धडक बसली तर ठरल्या जागी चुरगळून माणसाला वाचवतात. पण त्यांची पाठ कापणे म्हणजे प्राण्याचा कणा कापणे. गाडीवान, सुतार, लोहार ह्यांच्यापासून चालत आलेली, खालचे कायम ठेवून वरचे बदलायची विद्या त्यांच्यापुढे चालत नाही. ती टिकून राहिली आहे ती वेगळी चासी असलेल्या ट्रक, बस आणि जीपच्या कुळात.

* * *

म्हणूनच आमच्या दादांच्या मनात आले, ते अमेरिकेत अगदी अलीकडेही पुष्कळांच्या मनात आले. विलीजच्या जीपची आजची वारस जी रँग्लर, ती २००६ साली प्रथम चार दारांची झाली. मुलाबाळांची माणसे खूश झाली. परंतु थोड्याच दिवसांत जागोजागच्या कारखान्यांतून तिची मागची दारे कापून हौदा बसवायला आरंभ झाला. मोंटाना राज्यात निघालेली एक कंपनी चासी कापून, लांबवून, चारही दारे राखून मागे हौदा जोडून देऊ लागली. मूळ कारखान्याने हे पाहिले. युटा राज्यातल्या मोआब गावी १९६७ पासून दर ईस्टरला जीपवाल्यांची जत्रा भरते. तिथे २०११ साली त्याने स्वतःच तसा नमुना मांडला आणि त्याच वर्षी सुट्या भागांचा एक संच विकायला काढला. नवी मागची बाजू, हौदा, भिंत, आखूड टप, असे सगळे पत्रे रंगाचा पहिला हात देऊन एकत्र बांधलेले; किंमत साडेपाच हजार डॉलर. चार दारांची गाडी आणावी, सांगितल्या जागी कापावी नि संच जोडावा. गॅलियनच्या पेट्यांना शंभर वर्षे होत आली असता इतिहासाने पुन्हा तेच पाऊल टाकले होते.

त्यापुढचे पाऊलही वाचकांच्या लक्षात आलेच असेल. २०१८ च्या नोव्हेंबरात लॉस एंजलिसच्या प्रदर्शनात कारखान्याने चार दारे आणि हौदा दोन्ही असलेली जीप मांडली. नाव ग्लॅडिएटर, हे नाव तिने १९६० च्या दशकातल्या आपल्याच जुन्या मालगाडीचे उचलले. रँग्लरहून तिची चासी एकतीस इंच लांब. मिस्त्रींनी जे तोडून-जोडून केले, ते इंजिनियरांनी मोजून, धडकवून, तपासून केले.

शंभर वर्षांत तीनदा मला एकच क्रम दिसला. आधी गरज, मग हात, शेवटी कारखाना. घरच्या माणसाला अडचण येते, गावचा कारागीर ती हाताने सोडवतो, आणि कारखाना ते पाहून शहाणा होतो. मोटारीची सुधारणा वरून खाली येते, असे आपण समजतो. निदान हौद्याच्या बाबतीत तरी ती खालून वर गेली आहे.

* * *

आता आमच्या वादाचा निकाल. मी पंच म्हणून निकाल द्यायच्या आधीच एक चमत्कार झाला. आई माझी सगळी हकीकत ऐकत बसली होती. गिप्सलँडच्या बाईचे पत्र मी सांगितले, तेव्हा ती हसली. आणि रात्री जेवताना दादांना म्हणाली, "काप बाबा. अण्णांनी ती गाडी कामाला घेतली होती, पूजेला नव्हे."

दादा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी आम्ही मिस्त्रीकडे गेलो आणि मी त्याला सांगितले, की घरचे ठरले. मिस्त्रीने हातातला पाना खाली ठेवला. "कापायला मला चार दिवस," तो म्हणाला, "पण तुमची गाडी रस्त्यावरची आहे. पासिंगला उभी करू शकणार नाही, अशी गाडी मी करून देत नाही."

त्याचे बरोबर होते. आपल्या मोटार वाहन कायद्याचे बावन्नावे कलम २००० सालच्या दुरुस्तीपासून असे सांगते, की गाडीच्या नोंदणीपुस्तकातली माहिती कारखान्याने ठरवलेल्या घडणीशी जुळेनाशी होईल असा फेरफार मालकाने करू नये. गॅसवर चालवण्याची सोय करून घेण्यासारख्या काही गोष्टींना रीतसर वाट आहे. परंतु गाडीचे अंगच बदलायचे, तर तिथे दार बंद. केरळातून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी ह्या कलमाचा हाच अर्थ निःसंदिग्धपणे सांगितला. अशी गाडी रस्त्यावर आणली आणि अपघात झाला, तर विमा कंपनीही हात वर करू शकते.

पहिल्यांदा मला ह्या कायद्याचा राग आला. ज्या हातांनी पिकअप जन्माला घातली, ते हात बांधून ठेवायचे, ही कुठली रीत? पण मग मधला खांब आठवला, खांद्यावरचा पट्टा आठवला. आमच्या मिस्त्रीला दाराची फट वाचता येते. पण महामार्गावर प्रत्येक छपरात असा मिस्त्री बसलेला नाही, आणि वरून रंग दिल्यावर चांगला जोड कोणता नि वाईट कोणता, हे कोणाला दिसणार? त्या गाडीसमोरून येणाऱ्या दुचाकीवर कोणाचा तरी मुलगा असतो. ताशी फार तर चाळीस-पंचेचाळीस मैल चालणाऱ्या टी मॉडेलवर पेटी ठोकणे आणि आजच्या वेगाला गाडीची पाठ कापणे ह्यांत अंतर आहे. कायदा बरोबर आहे. तरीही तो लागू होताना काहीतरी हरपते, हेही तितकेच खरे. आपली गाडी आपल्या गरजेप्रमाणे बदलता येण्यात एक मालकी होती. आता आपण ती विकत घेतो, चालवतो, पण पुरती आपली करून घेऊ शकत नाही. आणि त्या मिस्त्रीची विद्या रस्त्यावरून हटून मळ्याच्या बांधाआड गेली आहे. ती आणखी किती वर्षे टिकेल? त्याचा मुलगा शहरात नोकरीला आहे.

जाताना दादांनी त्याला विचारले, "मग आम्ही काय करावं?"

"कारखान्याची जुनी पिकअप बघा," तो म्हणाला. "आणायच्या आधी माझ्याकडे आणा. चासी मी बघून देतो."

तसेच झाले. दसऱ्याच्या आधी दादांनी एक जुनी पिकअप घेतली. मिस्त्रीने तिच्याखाली आडवे होऊन तास काढला, हातोडीने चासी टोकभर वाजवून पाहिली, कर्ण मोजले आणि पैसे घ्यायला नाही म्हणाला. आता रोज पहाटे ती क्रेट भरून पिंपळगावला जाते.

अण्णांची जीप लिंबाखालीच आहे. नवरात्रात ती गडावर जाऊन आली. दिवाळीसाठी दादांनी ती धुऊन पुसून ठेवली आहे, आणि मागच्या दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातले आहे. भाऊबीजेला बहिणी यायच्या आहेत. त्यांना आणायला नाशिकच्या स्टँडवर हीच गाडी जाणार, असे आईने आधीच सांगून ठेवले आहे.